दोन शब्दयोगी अव्यये आणि एक उभयान्वयी

इंग्रजीच्या तासाला मिश्र वाक्य शिकवायला घेतले की एक प्रश्न ठरलेला असतो. 'ही न्यू दॅट शी हॅड कम' या वाक्यातल्या 'दॅट'चा अर्थ काय? शिक्षक सांगतात, त्याला स्वतंत्र अर्थ नाही. तो गौण वाक्य प्रधान वाक्याला जोडतो, एवढेच. आम्हीही वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो आहोत आणि विद्यार्थ्यांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले आहे. अर्थच नसलेला शब्द भाषेत आला कोठून, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अठराव्या शतकात एका इंग्रज गृहस्थाने तो विचारला, आणि तोही तुरुंगात बसून. त्याची तक्रार अशी होती की, आपला बळी घेतला तो दोन शब्दयोगी अव्ययांनी आणि एका उभयान्वयी अव्ययाने. ती अव्यये म्हणजे 'ऑफ', 'कन्सर्निंग' आणि 'दॅट'.

या गृहस्थाचे नाव जॉन हॉर्न. जन्म १७३६ चा. बाप लंडनमधला कोंबड्या-बदके विकणारा व्यापारी. मुलगा शिकला आणि बापाच्या इच्छेखातर धर्मोपदेशक झाला, पण मन राजकारणात. जॉन विल्क्सच्या चळवळीत तो प्रथम विल्क्सच्या बाजूने आणि नंतर विल्क्सच्या विरुद्ध, असा दोन्हीकडून लढला. १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकेत लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे राजाच्या सैन्याची आणि वसाहतवाल्यांची चकमक झाली. त्यानंतर जून महिन्यात लंडनमध्ये हॉर्नच्या पुढाकाराने एक सभा भरली आणि तेथे मारल्या गेलेल्यांच्या विधवा, मुले आणि वृद्ध आईबाप यांच्यासाठी शंभर पौंड जमविण्याचा ठराव झाला. या लोकांचा राजाच्या सैन्याने खून केला, अशा अर्थाचे शब्द त्या ठरावात होते. ठराव वृत्तपत्रांतून जाहिरात म्हणून छापला गेला. सरकारने त्यावर राजद्रोही बदनामीचा खटला भरला.

खटला चालला ४ जुलै १७७७ रोजी, लॉर्ड मॅन्सफील्डपुढे. हॉर्नने स्वतःचा बचाव स्वतःच केला आणि तो हरला. नोव्हेंबरमध्ये शिक्षा झाली: एक वर्ष कैद, दोनशे पौंड दंड, शिवाय चांगल्या वर्तनाचा जामीन. प्रकरण पुढे उमरावांच्या सभागृहापर्यंत गेले. तेथेही शिक्षा कायम राहिली.

इथवर ही हकिगत राजकारणाची आहे. व्याकरण आत शिरते ते आरोपपत्राच्या वाक्यरचनेतून. त्या काळच्या इंग्रज कायद्यानुसार ज्या वस्तुस्थितीवर आरोप उभा आहे ती वस्तुस्थिती आरोपपत्रात स्पष्ट विधान करून सांगावी लागे. गृहीत धरून चालत नसे. हॉर्नविरुद्धच्या आरोपपत्रात एवढेच होते की, हा मजकूर राजाच्या सरकाराविषयी आणि त्याच्या सैन्याच्या वापराविषयी आहे. 'विषयी' हा आमचा एक शब्द; इंग्रज वकिलांनी तेथे 'ऑफ अँड कन्सर्निंग' अशी जोडी घातली होती. सैन्य कोठे, कशासाठी वापरले गेले, हे स्वतंत्र वाक्यात कोठेही म्हटलेले नव्हते. हॉर्नचे म्हणणे, हे विधान नसेल तर आरोपच उभा राहत नाही. न्यायाधीशांचे म्हणणे, त्या दोन शब्दांत ते आले. आणि हॉर्न सांगतो त्याप्रमाणे, स्पष्ट विधानावाचून चालते हे दाखविण्यासाठी एका जुन्या खटल्याचा दाखला पुढे करण्यात आला. त्या खटल्यात लॉली नावाच्या बाईवर असा आरोप होता की, क्रुक नावाच्या इसमावर बनावट दस्तऐवजाचा आरोप ठेवला गेला आहे हे जाणून तिने अमुक अमुक कृत्य केले. 'शी, नोइंग दॅट क्रुक हॅड बीन इंडायटेड...' क्रुकवर आरोप होता हे तेथे प्रधान वाक्यात कोणी म्हटले नव्हते. ते फक्त 'दॅट'च्या पोटात होते, आणि तरी चालले होते.

हॉर्न तुरुंगात या 'दॅट'वर विचार करीत बसला. १७७८ साली त्याने जॉन डनिंग या नामांकित वकिलाला उद्देशून इंग्रजी अव्ययांविषयी एक पत्र लिहिले आणि ते पुस्तकरूपाने छापले. त्यात त्याने मांडलेली गोष्ट अशी: हा 'दॅट' म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून आपला नेहमीचा दर्शक शब्द आहे. त्या वाक्याची खरी घडण अशी वाचावी: क्रुकवर आरोप ठेवला गेला होता; ती, ते जाणून, अमुक करती झाली. म्हणजे लॉलीच्या खटल्यात विधान गाळलेले नव्हतेच. ते उघड, स्वतंत्र वाक्यात केलेले होते. 'दॅट'ने फक्त त्याकडे बोट दाखविले होते. मग जेथे विधान होते तो खटला जेथे विधान नाही अशा आपल्या खटल्याला दाखला कसा होईल?

मराठी वाचकाच्या एक गोष्ट चटकन ध्यानात येईल. इंग्रजी वाक्य मोडून हॉर्नने जी 'मूळ' रचना म्हणून दाखविली ती मराठीची रोजची रचना आहे. 'क्रुकवर आरोप आहे हे जाणून तिने पत्र लिहिले.' आधी वाक्य, मग त्याच्याकडे बोट दाखविणारे 'हे', मग क्रियापद. हॉर्नला जे सिद्ध करण्यासाठी अँग्लो-सॅक्सन कोश धुंडाळावे लागले ते आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो. आणि 'दॅट'पुरते बोलायचे तर त्याचे मत आजच्या अभ्यासकांनाही मान्य होण्याजोगे आहे. जुन्या इंग्रजीत 'थॅट' हे नपुंसकलिंगी दर्शक सर्वनाम होते, आणि गौण वाक्य आणणारे 'दॅट' त्यातूनच आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पण हॉर्नची ही वाक्य मोडून दाखविण्याची युक्ती किती दूर जाते? आपण क्रियापद बदलून पाहू. 'शी डिनाइड दॅट क्रुक हॅड बीन इंडायटेड.' हॉर्नच्या पद्धतीने वाचले तर: क्रुकवर आरोप ठेवला गेला होता, तिने ते नाकारले. इथे घोटाळा झाला. मूळ वाक्य बोलणाऱ्याने क्रुकवर आरोप होता की नव्हता याची कसलीच जबाबदारी घेतलेली नव्हती. मोडलेल्या वाक्यात ती त्याच्या गळ्यात पडली. 'जाणणे' ठेवले तर विधान पक्के राहते, 'नाकारणे', 'मानणे', 'म्हणणे' ठेवले तर ते वितळते. 'दॅट' दोन्हीकडे तोच आहे. मराठी इथे थोडी मदत करते. 'आरोप आहे हे जाणून' आणि 'आरोप आहे असे समजून' यांत आपण निराळा शब्द घालतो, आणि 'असे' ऐकताच ऐकणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते. (अर्थात 'हे नाकारले' असेही आपण म्हणतोच, त्यामुळे 'हे' आले की विधान खरे, असा नियम करता येणार नाही.) मुद्दा असा की, गौण वाक्यातली गोष्ट खरी धरायची की नाही हे जोडणारा शब्द ठरवीत नाही, प्रधान वाक्यातले क्रियापद ठरविते. भाषाविज्ञानात या प्रश्नाला नीट नाव मिळाले ते पॉल आणि कॅरल किपार्स्की यांच्या 'फॅक्ट' या १९७० च्या निबंधाने. काही क्रियापदे आपल्या पोटवाक्याची सत्यता गृहीत धरूनच येतात, काही तसे करीत नाहीत. किंग्ज बेंचच्या तुरुंगातील कैद्याने दोनशे वर्षे आधी ज्यावर बोट ठेवले होते तो हाच प्रश्न; बोट मात्र शेजारच्या शब्दावर पडले.

सुटकेनंतर त्याला वकिली करायची होती, पण धर्मोपदेशक म्हणून दीक्षा घेतलेली असल्याने वकिलांच्या संस्थेने दार उघडले नाही. १७८२ मध्ये त्याने पर्ली येथील आपल्या विल्यम टूक या मित्राचे आडनाव स्वतःच्या नावापुढे जोडले, आणि १७८६ साली त्याच गावाच्या नावाने 'द डायव्हर्शन्स ऑफ पर्ली' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ संवादरूप आहे आणि त्याचा खरा शत्रू आहे जेम्स हॅरिस. हॅरिसने आपल्या १७५१ च्या 'हर्मीस'मध्ये ॲरिस्टॉटलच्या परंपरेला धरून सांगितले होते की, शब्दयोगी आणि उभयान्वयी शब्दांना स्वतःचा असा अर्थ नसतो. ते इतर शब्दांना जोडतात. टूकला हे ऐकून संताप येई. अर्थ नसलेला शब्द, म्हणजे न्यायाधीशाला हवा तो अर्थ घालता येण्याजोगी रिकामी पिशवी! त्याचा प्रतिसिद्धान्त असा: भाषेत खरे शब्द दोनच जातींचे, नाम आणि क्रियापद. बाकी सारे त्यांचे झिजलेले, वेगासाठी आखडलेले अवशेष.

यास्काचे 'निरुक्त' वाचलेल्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे शब्दांचे चार वर्ग यास्क मानतो, आणि उपसर्गांना सुटेपणी अर्थ आहे की नाही यावर शाकटायन आणि गार्ग्य यांचा वाद नोंदवितो. शाकटायन म्हणतो, नाही. गार्ग्य म्हणतो, आहे. सगळी नामे धातूंपासूनच झाली, हे मतही शाकटायनाचेच. टूकला यातले काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता, पण उपसर्गांबाबत तो गार्ग्याच्या बाकावर बसला असता आणि व्युत्पत्तीबाबत शाकटायनाच्या.

आता टूकचे म्हणणे इतिहासाला कितपत पटते ते पाहू. इथे आम्हाला जरा रेंगाळावेसे वाटते, कारण इंग्रजीच्या गौण वाक्याची सगळी गंमत येथे आहे.

'व्हाइल' हा शब्द घ्या. जुन्या इंग्रजीत 'ह्वील' हे साधे नाम होते. अर्थ, वेळ, काळ. 'तो राजा असताना' असे म्हणायचे तर 'था ह्वीले थे' अशी तीन शब्दांची रचना करावी लागे: 'ती वेळ, की जिच्यात'. दर्शक शब्द, मग द्वितीयेतले नाम, मग संबंध जोडणारा 'थे', आणि मग वाक्य. म्हणजे गौण वाक्य क्रियेला चिकटत नसे, ते एका नामाला विशेषणासारखे चिकटत असे. आणि ते नाम आपली विभक्ती घेऊन क्रियेचा काळ सांगे. आपले 'ज्या वेळी... त्या वेळी' याच घराण्यातले. पुढे विभक्तिप्रत्यय झिजले. पीटरबरोच्या मठातील बखर ११५४ पर्यंत लिहिली जात होती. स्टीफन राजाच्या एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत सरदारांनी किल्ले बांधून रयतेचे जे हाल केले त्यांचे विदारक वर्णन तीत ११३७ सालाच्या नोंदीखाली येते. त्या नोंदीत, स्टीफन राजा असताना हे एकोणीस हिवाळे असेच गेले, असे सांगताना लेखकाने नुसते 'व्हाइल' लिहिले. अलीकडचा 'ती' गेला, पलीकडचा 'की' गेला. नाम एकटे उरले आणि त्याचे अव्यय झाले. आपण व्याकरणात काही नवे करतो आहोत याची त्या लेखकाला कल्पनाही नसेल. त्याचे लक्ष उपाशी माणसांकडे होते.

'आफ्टर' आणि 'बिफोर' यांची वाट थोडी निराळी. 'आफ्टर' हे मुळात नामाआधी येणारे शब्दयोगी. त्याला पुढे वाक्य घेता येत नसे. घ्यायचे तर मध्ये एक सर्वनाम ठेवावे लागे: 'आफ्टर थॅम थे', म्हणजे 'त्या(गोष्टी)नंतर, की...'. 'थॅम' चतुर्थीत, कारण 'आफ्टर'ला चतुर्थी लागे. कारण सांगायचे तर 'फॉर थॅम थे'. चॉसरच्या काळापर्यंत मधल्या शब्दांची जागा एकट्या 'दॅट'ने घेतली होती: 'आफ्टर दॅट', 'व्हॅन दॅट', 'इफ दॅट'. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'आफ्टर दॅट' अजून सर्रास भेटते. मग तोही गळाला आणि शब्दयोगी थेट वाक्याला भिडले. मराठीने येथे उलटी वाट धरली आहे. आपल्या 'नंतर'ला आणि 'पूर्वी'ला सबंध वाक्य पेलत नाही, म्हणून आपण क्रियापदालाच नामासारखे करून त्यांच्या हाती देतो: 'तो आल्यानंतर', 'ती जाण्यापूर्वी'. इंग्रजीने नाम काढून टाकले, आपण क्रियापदाचे नाम केले.

'बिकॉज'मधले नाम तर आजही उघड दिसते. चौदाव्या शतकात फ्रेंच वळणावर 'बाय कॉज' असे जुळले, 'या कारणाने'. त्यापुढे 'दॅट' येई, मग तो गेला. आपले 'कारण की' आणि मग नुसते 'कारण', हा तोच प्रवास. क्रियापदांकडून आलेलेही पुष्कळ आहेत. 'ड्युरिंग' हे 'टिकणे' अशा अर्थाच्या, आता लुप्त झालेल्या क्रियापदाचे धातुसाधित. 'प्रोव्हायडेड', 'कन्सिडरिंग', 'नॉटविथस्टँडिंग' यांच्या अंगावर अजून क्रियापदाचे कपडे आहेत. आणि टूकला छळणाऱ्या जोडीतले 'कन्सर्निंग' हेही त्यांतलेच. मराठीत 'म्हणून' हे 'म्हणणे'चे, 'करिता' हे 'करणे'चे. नामसाधित आणि धातुसाधित शब्दयोगी अव्यये आपण शाळेतच घोकतो. इंग्लंडात त्यासाठी एका माणसाला भांडणाचे जाडजूड पुस्तक लिहावे लागले.

म्हणजे टूकचे निदान बरेचसे बरोबर होते. औषधे मात्र जवळजवळ सगळी चुकली. 'इफ' हा त्याच्या मते 'गिव्ह'चा आज्ञार्थ, 'दे, मान्य कर'. कल्पना सुंदर आहे आणि खोटी आहे. 'इफ'ची नाती जर्मन 'ओप'शी आणि गॉथिक अव्ययांशी आहेत, देण्याशी नाहीत. 'अनलेस' त्याने 'सोडून देणे' या क्रियापदातून काढला. तो खरा 'ऑन लेस', 'याहून कमी अटीवर', असा आहे. 'सिन्स'मध्ये त्याला 'पाहणे' दिसले. तेथे आहे 'सिथ्थन', 'त्यानंतर'. 'थ्रू' म्हणजे त्याला 'डोअर', दरवाजा, वाटले. 'लेस्ट'बाबत तर खरी व्युत्पत्ती त्याच्या सिद्धान्ताला अधिक सोयीची होती: 'थी लॅस थे', 'त्यायोगे कमी, की...'. तीही त्याने सोडून भलतीच धरली. ध्वनी कोणत्या नियमाने बदलतात याचे शास्त्र त्याच्याजवळ नव्हते. दोन शब्द सारखे दिसले आणि अर्थ जुळविता आला की त्याचे समाधान होई.

योगायोग असा की, 'पर्ली'चा पहिला भाग निघाला त्याच वर्षी, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण केले. दिसण्यावरून नव्हे, धातू आणि प्रत्ययांच्या घडणीवरून भाषांचे नाते ठरवावे, ही दिशा त्यात होती. जर्मनीने ती उचलली. ग्रिमचे व्याकरण १८१९ पासून निघू लागले. इंग्लंड मात्र पुढची काही दशके टूकच्या नादी होते. हॅन्स आर्स्लेफ यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात या काळाचा जो इतिहास लिहिला आहे तो वाचताना वाटते, एखादा बुद्धिमान माणूस चुकतो तेव्हा तो आपल्याबरोबर पिढी घेऊन चुकतो. दुसऱ्या बाजूने हॅझ्लिटची तक्रारही विसरू नये. टूकवरच्या निबंधात (१८२५) तो हळहळतो की, एवढे झाल्यावरही शाळांतून लिंडली मरेचेच व्याकरण आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढीत आहे. आम्हाला हॅझ्लिटचे दुःख समजते. मरेची व्याख्या पाठ करता येते, टूकबरोबर भांडावे लागते.

शब्दांच्या जातींचा प्रश्न नंतर येस्पर्सनने शांतपणे हाती घेतला. 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर'मध्ये (१९२४) तो म्हणतो, एकच क्रियापद कधी नाम घेते, कधी वाक्य घेते, कधी एकटे येते. म्हणून आपण त्याच्या तीन जाती करीत नाही. मग 'बिफोर'ने नाम घेतले की शब्दयोगी, वाक्य घेतले की उभयान्वयी आणि एकटे आले की क्रियाविशेषण, हे कशासाठी? हडल्स्टन आणि पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणाने (२००२) ही सूचना स्वीकारली आणि 'आफ्टर', 'बिफोर', 'बिकॉज' यांना सरळ एकाच वर्गात बसविले. 'दॅट'ला मात्र त्यांनी वेगळे ठेवले. आमच्या अभ्यासक्रमांत अजून जुनेच खाने आहेत आणि प्रश्नपत्रिकाही त्यांनाच धरून निघतात, असो. त्यानंतर 'बिकॉज'ने आणखी एक उडी घेतली: त्याच्यापुढे वाक्याऐवजी नुसते नाम येऊ लागले, 'बिकॉज सायन्स' अशा धाटणीने, आणि अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने त्याला २०१३ सालचा शब्द म्हणून निवडले. ज्या शब्दाच्या पोटात एक नाम जिरले आहे तो पुन्हा बाहेरून नाम मागतो आहे.

टूकचे पुढचे आयुष्य व्याकरणाइतकेच खडतर गेले. १७९४ मध्ये त्याच्यावर देशद्रोहाचा खटला झाला, त्यातून तो निर्दोष सुटला. १८०१ मध्ये तो पार्लमेंटात निवडून आला, तर धर्मोपदेशकांना तेथे बसता येऊ नये असा कायदाच झाला. 'पर्ली'चा दुसरा भाग १८०५ मध्ये निघाला. त्यात त्याने विशेषणे आणि धातुसाधिते घेतली आणि क्रियापदाचा विचार पुढच्या भागावर ठेवला. लॉलीच्या वाक्याचा उलगडा ज्यात होता तो शब्द 'नोइंग', क्रियापद. टूक १८१२ साली वारला. तो तिसरा भाग कधीच प्रसिद्ध झाला नाही.